जुन्या डिझेल पिकअपचा एक्सल बदलायचाय? आधी ब्रेकचा हिशेब मांडा

तुर्भ्याच्या एपीएमसीतून पहाटे भाजी भरून निघणारी, नाहीतर कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून लोखंड उचलणारी पिकअप दहा-बारा वर्षांची झाली की तिच्या मागच्या एक्सलमधून आवाज यायला लागतो. मग कोणीतरी सल्ला देतं, "मोठ्या गाडीचं हाऊसिंग टाक, विषय संपला." हाऊसिंग म्हणजे एक्सलचं बाहेरचं लोखंडी कवच, पण ते टाकून विषय संपत नाही. एक्सल बदलला की गिअरचं गणित, प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतच्या दांड्याचा) कोन, पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) बैठक आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकमधली वाटणी, हे सगळं एकदम बदलतं. पहिल्या तीन गोष्टी चुकल्या तर गाडी आवाज करते, थरथरते, पार्ट खाते. चौथी चुकली तर गाडी थांबत नाही, किंवा थांबताना आडवी होते. म्हणून या लेखात एक्सलपेक्षा ब्रेकवर जास्त लिहिलं आहे.

खरंच बदलायची गरज आहे का?

आवाज आला म्हणजे अख्खा एक्सल गेला, असं नसतं. अॅक्सिलरेटर दाबताना घूंऽऽ असा आवाज येतो आणि पाय काढला की थांबतो किंवा सूर बदलतो, तेव्हा संशय क्राऊन-पिनियनवर (शाफ्टची ताकद चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी जोडीवर) आणि पिनियन बेअरिंगवर. वेगाबरोबर वाढणारी घरघर वळण घेताना कमी-जास्त होत असेल तर व्हील बेअरिंग. गिअर टाकून क्लच सोडताना 'टक' होत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टच्या टोकांचे क्रॉस (सांधे) हाताने हलवून बघा. ते घट्ट निघाले तर मग डिफरन्शियलच्या (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या संचाच्या) आतले स्पायडर गिअर बघायचे. यातली बरीच कामं हाऊसिंग जागेवर ठेवून होतात.

हाऊसिंगच बदलायला लागतं ते मुख्यतः तीन वेळा: हाऊसिंग वाकलं असेल, बेअरिंगची बैठक इतकी झिजली असेल की नवं बेअरिंगही सैल बसतं, किंवा आधी कोणी वेल्डिंग करून त्याची रेषा बिघडवली असेल. वाकलेलं हाऊसिंग ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. रिकामी गाडी सपाट जागी उभी करा आणि दोन्ही मागच्या चाकांच्या रिममधलं अंतर पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला, एकाच उंचीवर मोजा. मग तसंच वर आणि खाली मोजा. रिम वाकडी नाही ना, हे आधी चाक फिरवून बघा. अंतरात काही मिलिमीटरचा फरक आला, वरच्या बाजूला चाकं आत झुकलेली दिसली आणि टायरही आतल्या कडेने घासले असतील, तर ते हाऊसिंग वर्षानुवर्षं जास्त माल वाहून वाकलं आहे. त्यात नवं क्राऊन-पिनियन घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

शाफ्ट वजन उचलतो की फक्त फिरवतो?

एक्सल दोन जातींचे असतात आणि हा फरक समजल्याशिवाय खरेदी करू नये. सेमी-फ्लोटिंग प्रकारात एक्सल शाफ्ट चाकही फिरवतो आणि गाडीचं वजनही उचलतो. शाफ्ट तुटला तर ड्रमसकट चाक बाहेर येऊ शकतं. फुल-फ्लोटिंग प्रकारात हब दोन टेपर रोलर बेअरिंगवर हाऊसिंगच्या टोकावर बसतो. वजन हाऊसिंग उचलतं, शाफ्ट फक्त फिरवण्याचं काम करतो. तो तुटला तर गाडी पुढे जाणार नाही, पण चाक जागेवर राहील. शाफ्ट काढायला चाक उतरवावंही लागत नाही.

ओळख बाहेरूनच पटते. चाकाच्या मधोमध बोल्टांची वेगळी गोल रांग असलेली टोपीसारखी फ्लँज पुढे आलेली दिसली की फुल-फ्लोटिंग. ड्रम सपाट आणि फक्त चाकाचे बोल्ट दिसले की बहुतेक सेमी-फ्लोटिंग. रोज पूर्ण माल घेऊन धावणाऱ्या गाडीला फुल-फ्लोटिंग एक्सल केव्हाही चांगला, यात वाद नाही. पण तो तुमच्या गाडीच्या त्याच कंपनीच्या, त्याच घराण्यातल्या मॉडेलमधून मिळत असेल तरच तो सौदा सोपा. दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा म्हटलं की पुढची मोजमापं वाचा आणि मग ठरवा.

खरेदीआधी टेप हातात घ्या

पहिलं माप रुंदीचं: एका ड्रमच्या चाक बसणाऱ्या पृष्ठभागापासून दुसऱ्या ड्रमच्या तशाच पृष्ठभागापर्यंत. एक्सल रुंद निघाला तर टायर मडगार्डबाहेर येतो, अरुंद निघाला तर आतल्या बाजूला पाट्याला घासतो. दुसरं माप पाट्यांच्या पॅडमधलं, म्हणजे डाव्या पॅडच्या मध्यापासून उजव्या पॅडच्या मध्यापर्यंत. सेंटर बोल्टच्या डोक्याचं भोकही तपासा, कारण एक्सल जागेवर धरून ठेवण्याचं काम ते डोकं करतं. भोक मोठं असेल तर ब्रेक मारताना एक्सल पुढेमागे सरकतो. पिनियन मधोमध आहे की एका बाजूला, हेही बघायचं. जुन्या एक्सलमध्ये तो ज्या बाजूला होता त्याच बाजूला हवा, नाहीतर शाफ्ट तिरका पळतो.

चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ सहा किंवा आठ बोल्टांचं असेल तर समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर थेट मोजता येतं. पाच बोल्टांत समोरासमोर बोल्ट येतच नाहीत. तिथे शेजारच्या दोन बोल्टांमधलं अंतर मोजा आणि १.७०१ ने गुणा. इथे डोळ्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेतल्या जड डिझेल पिकअपमध्ये हा घोळ नेहमी होतो: आठ बोल्टांची एक जात १६५.१ मिमीची, तर फोर्डच्या १९९९ नंतरच्या सुपर ड्युटीची १७० मिमीची. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात आणि चाक मात्र बसत नाही. पाच मिलिमीटरच्या फरकावर बोल्ट ठोकून, भोक लंबगोल करून चाक बसवणारे आपल्याकडेही भेटतात. अशा चाकाचे बोल्ट सैल होत राहतात आणि एक दिवस तुटतात.

भंगारातलं हाऊसिंग घेताना ड्रेन प्लग उघडून तेल बघा. मॅग्नेटवर काळी मऊ पेस्ट असणं स्वाभाविक आहे. चमकणारे पत्र्यासारखे तुकडे असतील तर ते बेअरिंगचे किंवा दातांचे असतात. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलं आहे. ठाण्या-नवी मुंबईत पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यांवरून गेलेल्या गाड्यांत हे सर्रास दिसतं. गरम हाऊसिंग गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदर, म्हणजे हाऊसिंगची हवा आत-बाहेर करणारं छोटं तोंड, मोकळा असेल आणि त्याची नळी उंचावर असेल तर हे टळतं. तोच ब्रीदर चिखलाने बुजला तर उलटं घडतं: चालून गरम झालेली आतली हवा फुगते, तेल सीलवाटे बाहेर ढकलते आणि ते थेट ब्रेक लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्टीवर, जातं. नवं सील टाकूनही पुन्हा पुन्हा गळत असेल तर आधी ब्रीदर बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

गिअरचं गुणोत्तर

क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की गुणोत्तर मिळतं. ४१ आणि १० दात असतील तर ४.१, ३९ आणि ८ असतील तर ४.८७५. दात मोजायला उघडायचं नसेल तर एक चाक जमिनीवर घट्ट ठेवा, दुसरं उचलून बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फेऱ्या फिरतो ते खडूची खूण करून मोजा. साध्या डिफरन्शियलमध्ये तोच आकडा गुणोत्तर असतो.

समजा ४.१ च्या जागी ४.८७५ आलं. २१५/७५ आर १५ टायरचा घेर साधारण २.२ मीटर. ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ४५० फेऱ्या मारतं. १:१ च्या गिअरमध्ये इंजिन आधी १,८५० च्या आसपास फिरत होतं, आता २,२०० फिरेल. चढावर ताकद वाढल्यासारखी वाटेल. पण पाम बीचसारख्या मोकळ्या रस्त्यावर इंजिन ओरडेल आणि डिझेल जास्त जाईल. शिवाय स्पीडोमीटरची केबल किंवा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर काटा ७० दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात ५९ ने पळत असेल. उलट दिशेने बदल केला तर काटा कमी दाखवतो आणि तो जास्त धोक्याचा. चार चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचा आणि मागचा एक्सल एकाच गुणोत्तराचा असलाच पाहिजे. नाहीतर फोर-बाय-फोर टाकताच दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस फुटते.

बसवताना कुठे चुकतं

पाट्याचं पॅड नव्याने वेल्ड करायची वेळ आली तर आधी नुसतं टाचून ठेवा. गाडी पूर्ण वजनानिशी चाकांवर उभी करा आणि मोबाइलमधल्या लेव्हलने गिअरबॉक्सच्या फ्लँजचा आणि पिनियनच्या फ्लँजचा कोन मोजा. एका तुकड्याच्या शाफ्टमध्ये हे दोन अक्ष एकमेकांना समांतर हवेत, फरक एका अंशाच्या आत. शाफ्ट सरळ रेषेत दिसला म्हणजे कोन बरोबर आहे, असं नव्हे. दोन्ही टोकांचे क्रॉस समान आणि उलट कोनात चालले तरच एकाची थरथर दुसरा मोडून काढतो. पिनियन वरखाली झाला की ४० ते ६० च्या दरम्यान गाडी घुमायला लागते आणि शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर महिन्या-दीड महिन्यात त्याच्या मधल्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटतं. शाफ्ट सोडताना त्याच्या दोन्ही भागांवर पंचने खूण करायला विसरू नका. स्प्लाइन (शाफ्टचे दोन भाग जोडणारे दाते) एक दात चुकून बसली तरी थरथर येते आणि मग चुकीच्या ठिकाणी शोध सुरू होतो.

वेल्डिंग करताना बॅटरी सोडा, अर्थची क्लिप कामाच्या अगदी जवळ लावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे असं वेल्ड करत, मध्ये थंड होऊ देत जा. एका दमात रुंद वेल्ड ओढला की नळी तिकडे ओढली जाते आणि सरळ हाऊसिंग आपल्याच हाताने वाकतं. मधला भाग ओतीव असेल तर त्याला साध्या रॉडने हात लावूच नका.

यू-बोल्ट नवेच घ्या. एकदा पूर्ण टॉर्कला ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. आवळताना गाडीचं वजन पाट्यांवर हवं, आणि चारही नट आडवे-तिडवे, थोडे थोडे. फुल-फ्लोटिंग हबचं बेअरिंग बसवताना हब फिरवत फिरवत नट आवळा, मग थोडा मागे घ्या. हब मोकळा फिरला पाहिजे पण चाक वरखाली धरून हलवलं तर खुळखुळ जाणवायला नको. नेमका आकडा त्या एक्सलच्या पुस्तकातला घ्या. क्राऊन-पिनियनचं बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) आणि पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला ताण) डायल गेजशिवाय लावू देऊ नका. पिनियनमध्ये दबणारा स्लीव्ह असेल तर तो एकदाच वापरायचा. नट जास्त आवळला गेला तर मागे फिरवून भागत नाही, नवा स्लीव्ह टाकावा लागतो.

तेल जीएल-५ दर्जाचं, बहुतेक जुन्या एक्सलना ८०डब्ल्यू-९० किंवा ईपी-९०. गाडी सपाट उभी असताना लेव्हल प्लगच्या भोकातून ओघळ सुटेपर्यंत भरायचं.

आता ब्रेक

तीन टन वजनाची भरलेली पिकअप ताशी ६० ने जात असेल तर तिच्यात सुमारे ४१७ किलोज्यूल ऊर्जा असते. ४० ने जात असेल तर निम्म्याहून कमी, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ही सगळी ऊर्जा ब्रेक उष्णतेत बदलतात. चार ड्रम मिळून ४० किलो लोखंड धरलं तर ६० वरून एकदा थांबताना ते साधारण २३ अंशांनी तापतं. यात भीतीदायक काही नाही. पण तीच गाडी ३०० मीटर उंचीचा घाट फक्त ब्रेकवर उतरली तर जवळजवळ ८.८ मेगाज्यूल उष्णता तयार होते. ती सगळी ड्रममध्येच राहिली असती तर तापमान ४८० अंशांनी वाढलं असतं. बरीचशी हवेत जाते, तरी कसाऱ्याच्या किंवा बोर घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत लायनरमधून वास आणि धूर का येतो, ते या आकड्यांतून कळतं. ड्रम तापला की फुगतो, शूपासून (लायनर बसवलेल्या कमानीपासून) लांब जातो, लायनरचं घर्षण घटतं. पॅडल दाबलं जातं पण गाडी कमी होत नाही. शिवाय डिझेल इंजिनाला हवा अडवणारी थ्रॉटलची पाकळी सहसा नसते, म्हणून पेट्रोल इंजिनाइतकं ते गाडीला मागे खेचत नाही. उतारावर चढाच्याच गिअरमध्ये उतरा, ही जुन्या चालकांची सवय त्यासाठीच.

आता एक्सल बदलण्याशी याचा संबंध. मोठ्या गाडीचा एक्सल आपले ड्रम आणि व्हील सिलेंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ड्रमवर ढकलणारे) घेऊन येतो. समजा जुना व्हील सिलेंडर २२.२ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) होता आणि नवा २५.४ चा आहे. बोअरमध्ये फरक तीन मिलिमीटरचा, पण क्षेत्रफळ ३८७ वरून ५०७ चौरस मिमी होतं, म्हणजे ३१ टक्के जास्त. त्याच दाबाला मागचा शू ३१ टक्के जास्त जोराने ड्रमवर दाबला जातो. ऐकायला छान वाटतं. पण ब्रेक मारल्यावर वजन पुढच्या चाकांवर जातं आणि मागची चाकं हलकी होतात. हलक्या चाकांवर जास्त ब्रेक म्हणजे चाक लॉक, आणि मागचं चाक लॉक झालं की गाडीची शेपूट पुढे यायला बघते. पावसात, रिकाम्या गाडीने, गायमुखच्या उतारावर किंवा मुंब्रा बायपासच्या वळणावर हे घडलं तर स्टिअरिंग हातात असून उपयोग नाही. मोठ्या सिलेंडरला ब्रेक ऑइलही जास्त लागतं, म्हणून पॅडल आणखी खाली जातं.

हा तोल सांभाळायला बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलजवळ, चेसिसवर, एक छोटा व्हॉल्व असतो. त्याला लोड सेन्सिंग व्हॉल्व म्हणतात. त्यातून निघालेली दांडी किंवा स्प्रिंग एक्सलला जोडलेली असते. माल भरला की चेसिस खाली येते, दांडीचा कोन बदलतो, व्हॉल्व समजतो की गाडी भरली आहे आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असेल तर दाब अडवतो. इतका साधा पार्ट, आणि एक्सल बदलण्याच्या कामात सर्वाधिक दुर्लक्ष यालाच सहन करावं लागतं.

व्हॉल्वला वजन कळत नाही, त्याला फक्त उंची कळते. म्हणून पाट्यांत एक-दोन जादा पाटे घातले की भरलेली गाडीसुद्धा पुरेशी खाली बसत नाही. व्हॉल्वच्या लेखी ती रिकामीच. मागचे ब्रेक अर्धवट लागतात, सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो आणि पुढचे पॅड निम्म्या वेळात संपतात. "पुढचे पॅड टिकत नाहीत" अशी तक्रार असलेल्या पिकअपखाली वाकून बघा. पुष्कळदा जादा पाटे दिसतील, किंवा व्हॉल्वची दांडी तुटून लोंबकळत असेल, किंवा तारेने बांधून ठेवलेली असेल. काही ठिकाणी व्हॉल्वच काढून पाइप थेट जोडतात. तेव्हा उलटा धोका: रिकामी गाडी पहिल्याच पावसात मागून सरकते.

म्हणून जुना एक्सल काढण्याआधी, गाडी रिकामी आणि सपाट जागी असताना, दांडीचा कोन आणि चेसिसपासून एक्सलपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढा. नवा एक्सल बसल्यावर ब्रॅकेट असा लावा की रिकाम्या गाडीत तोच कोन येईल. पाटे मूळचेच असतील तर एवढ्याने काम होतं. पाटे बदलले असतील तर भरलेल्या अवस्थेतही मूळ कोनाशी जुळवणी करावी लागते, आणि ती दोन्हीकडे जुळत नसेल तर जादा पाटे काढणं हाच उपाय. व्हील सिलेंडरचं बोअर मात्र शक्यतो जुन्याच मापाचं ठेवा. त्या बॅक प्लेटवर (ड्रममागच्या, शू धरणाऱ्या थाळीवर) ते बसत असेल तर हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात समंजस बदल आहे.

मास्टर सिलेंडर, बूस्टर, डिस्क

ब्रेक कमी लागतात म्हणून मोठा मास्टर सिलेंडर (पॅडलच्या जोराने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) लावणं ही उलटी चाल आहे. बोअर मोठं केलं की तेल जास्त ढकललं जातं, पॅडल वर आणि कडक लागतं, पण त्याच पायाच्या जोराला दाब कमी तयार होतो. बोअर लहान केलं तर दाब वाढतो आणि पॅडल लांब जातं. पॅडल कडक आहे म्हणजे ब्रेक चांगला, ही समजूत बरोबर नाही.

डिझेल गाडीत बूस्टरसाठी (पॅडलवरचा पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यासाठी) लागणारा व्हॅक्यूम वेगळा पंप तयार करतो. बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो आणि इंजिनाच्या तेलावर चालतो. पंपाच्या पाकळ्या झिजल्या, होज कडक होऊन तडकला किंवा वन-वे व्हॉल्व गळायला लागला की ब्रेक 'लाकडासारखे' लागतात. तपासणी अशी: इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पॅडल मारा, मग पाय दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पॅडल थोडं खाली गेलं तर बूस्टर जिवंत आहे. नवीन ड्रम, नवीन लायनर टाकण्याआधी ही चाचणी करा, कारण निम्मा दोष इथेच सापडतो. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय असेल तर ती आजच बंद करा. बूस्टरमधला साठा दोन-तीन दाबांचा असतो. त्यानंतर सगळं पायाच्या जोरावर.

पुढे ड्रम असलेल्या जुन्या गाडीला डिस्क लावणं हा मोठा सुधार आहे, पण फक्त डिस्क आणि कॅलिपर आणून भागत नाही. ड्रममध्ये पुढचा शू ड्रमच्या फिरण्यानेच आणखी आत ओढला जातो, पायाला फुकटची मदत मिळते. डिस्कमध्ये ती नाही, म्हणून जास्त दाब, म्हणजे चांगला बूस्टर लागतो. मास्टर सिलेंडरही त्याच मॉडेलच्या डिस्कवाल्या गाडीचा घ्या. जुन्या ड्रमवाल्या काही मास्टरमध्ये पाइपात थोडा दाब शिल्लक ठेवणारा व्हॉल्व असतो. तो डिस्कच्या लाइनला राहिला तर पॅड सतत घासत राहतात आणि अर्ध्या तासात चाक हात लावू देत नाही. नकल, हब, बेअरिंग, कॅलिपर ब्रॅकेट आणि होज एकाच दात्या गाडीचे असले की काम सरळ होतं. लेथवर घडवलेल्या ब्रॅकेटवर कॅलिपर टांगू नका.

आतलं काम

ड्रम उघडल्यावर लायनरचा रंग बघा. ओलसर काळी चमक असेल आणि वास गिअर ऑइलचा असेल तर एक्सल सील गेलं आहे. वास नसलेला, पाण्यासारखा पातळ ओलावा आणि रंग उडालेली बॅक प्लेट असेल तर व्हील सिलेंडर गळतो आहे. तेल प्यालेला लायनर पेट्रोलने धुऊन, जाळून पुन्हा लावतात. तसं करू नका, तेल उष्णतेने पुन्हा वर येतं. दोन्ही बाजूंचे लायनर एकदमच बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो. लेथवर घासल्यानंतर त्याच्या पुढे गेला तर तो ड्रम भंगार. आतली धूळ एअर गनने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. पाण्याने भिजवून पुसून काढा.

खाडीकाठच्या खाऱ्या हवेत स्टीलचे ब्रेक पाइप क्लिपखालून गंजतात, जिथे डोळा पोचत नाही तिथे. क्लिप काढून बघा. नवा पाइप कोटिंगवाला स्टीलचा किंवा तांबे-निकेलचा घ्या आणि टोकाला डबल फ्लेअर करून घ्या. साधा तांब्याचा पाइप वाकवायला सोपा, पण थरथरीने कडक होऊन तडकतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, कारण ते हवेतली ओल शोषतं आणि आपल्या हवेत ओल भरपूर. डॉट-३ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, ओल शोषल्यावर १४०. डॉट-४ चा २३० आणि १५५. घाटात जाणाऱ्या गाडीला डॉट-४ घ्या.

हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्याकडे मास्टर उजवीकडे, म्हणून आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. लोड सेन्सिंग व्हॉल्व असेल तर हे करताना एक्सल हवेत लोंबकळत ठेवू नका. व्हॉल्वला गाडी रिकामीहून रिकामी वाटते, तो मागची लाइन दाबून धरतो आणि हवा आतच राहते. हँडब्रेकची केबल शू अॅडजस्ट झाल्यानंतरच आवळायची. आधी आवळली तर शू कधीच पूर्ण मागे जात नाही.

कागद आणि चाचणी

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. म्हणून कंपनीने त्या मॉडेलला दिलेला किंवा तितक्याच क्षमतेचा एक्सल बदली म्हणून बसवणं आणि वेगळ्याच गाडीचा एक्सल, रुंदी, चाकं बदलून बसवणं यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारासाठी काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत विचारा, ठाण्याच्या एमएच ०४ ला किंवा नवी मुंबईच्या एमएच ४३ ला, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. मोठा एक्सल टाकल्याने आरसीवरचं एकूण वजन वाढत नाही. चेसिस, पुढचा एक्सल, टायर आणि पुढचे ब्रेक तेच असतात. जादा मालासाठी कायद्यातला दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. त्यात ब्रेक तपासले जातातच, म्हणून हे काम फिटनेसच्या आदल्या आठवड्यात नाही, महिनाभर आधी करा.

नवे लायनर आणि पॅड बसायला वेळ द्या. एमआयडीसीतल्या रिकाम्या सरळ रस्त्यावर ४० वरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक मारा, दर दोन वेळांमध्ये अर्धा किलोमीटर गाडी चालू द्या म्हणजे ड्रम थंड होतात. मग रिकाम्या गाडीने २५ च्या वेगात एकदा जोरात ब्रेक मारा आणि बाहेर उभ्या माणसाला चाकांकडे बघायला सांगा. मागची चाकं पुढच्यांआधी लॉक झाली तर माल भरायचा नाही, व्हॉल्वच्या ब्रॅकेटकडे परत जायचं. हीच चाचणी अर्ध्या आणि पूर्ण मालावर करा. दर वेळी चारही ड्रमच्या मध्याला इन्फ्रारेड थर्मामीटर लावा. एकाच एक्सलच्या दोन बाजूंमध्ये मोठा फरक आला तर थंड बाजू काम करत नाही किंवा गरम बाजू सोडत नाही.

पहिला माल वाहून आल्यावर यू-बोल्ट आणि चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, ५०० किलोमीटरला परत एकदा. १,००० किलोमीटरला एक्सलचं तेल गरम असताना काढा आणि मॅग्नेट पुसून बघा. नव्या क्राऊन-पिनियनची बारीक भुकटी चालेल. बोटाला टोचणारा तुकडा सापडला तर नवं तेल भरायच्या आधी हाऊसिंग उघडा.